घरी आजारी माणूस आणि हातात शिष्यवृत्तीचा फॉर्म : नाशिकच्या विद्यार्थ्यांचे अर्ज नेमके कुठे अडतात

घरात कुणी अंथरुणाला खिळलंय, त्याचं औषधपाणी, अंघोळ, दवाखान्याच्या फेऱ्या सगळं तुमच्यावर आहे आणि त्यातच कॉलेजही चालू आहे. अशा मुलामुलींचे अर्ज वर्षानुवर्षं त्याच त्या चार-पाच ठिकाणी अडकताना पाहतोय, म्हणून हे लिहितोय. नेहमीच्या पायऱ्या, म्हणजे नोंदणी, फोटो, सही अपलोड वगैरे, कुठल्याही सायबर कॅफेवाल्याला पाठ असतात. इथे फक्त अडणाऱ्या गोष्टी सांगतो.

आधी एक गैरसमज दूर करू. महाडीबीटी म्हणजे राज्य सरकारचं शिष्यवृत्तीचं पोर्टल. त्याच्या अर्जात ‘घरी रुग्णाची सेवा करतो/करते’ असा रकाना नाही. तुम्ही रात्री तीनदा उठून वडिलांची कूस बदलता याची नोंद कुठेच होत नाही. व्हॉट्सअॅपवर ‘केअरटेकर भत्ता सुरू झाला, फॉर्म भरा’ असे मेसेज फिरतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अशा भत्त्याचा उल्लेख आहे, पण तो जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांग व्यक्तीसाठी आहे, सेवा करणाऱ्या विद्यार्थ्यासाठी नाही. कुणी असा फॉर्म भरून देण्याचे पैसे मागत असेल तर देऊ नका.

मग मार्ग दोन उरतात. काही लाभ रुग्णाच्या नावावर मिळतात, काही तुमच्या नावावर. दोन्हींची कागदपत्रं, उत्पन्नाची मर्यादा आणि कार्यालयं वेगळी. मुलं एकाच फाईलमध्ये सगळं कोंबून एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरतात आणि दोन्हीकडून परत येतात. फायली दोन करा.

रुग्णाची फाईल आधी

संजय गांधी निराधार अनुदान योजना ६५ वर्षांखालच्या व्यक्तींसाठी आहे. अर्ज तहसील कार्यालयातल्या संजय गांधी शाखेकडे जातो आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. पक्षाघात, कर्करोग, क्षयरोग अशा दुर्धर आजारामुळे कमावू न शकणारी व्यक्ती यात बसते. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेली व्यक्तीही बसते. इथेच लक्ष द्या. दुर्धर आजार या कारणाने अर्ज केला तर कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत लागतं, किंवा दारिद्र्यरेषेखालच्या यादीत नाव लागतं. दिव्यांग म्हणून अर्ज केला तर मर्यादा ५०,००० आहे. शिवाय अनुदान एरवी महिना १,५०० रुपये असलं तरी दिव्यांगांसाठी ते ऑक्टोबर २०२५ पासून २,५०० झालं आहे. म्हणजे अर्धांगवायू झालेल्या एकाच माणसाचा अर्ज एका कारणाने फेटाळला जाईल आणि दुसऱ्या कारणाने मंजूर होईल. ही गोष्ट खिडकीवर आपणहून कुणी सांगत नाही, याचा मला खरंच राग येतो.

त्यामुळे आधी यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र काढा. अर्ज स्वावलंबन पोर्टलवर होतो. तपासणीसाठी नाशिककरांना बहुधा त्र्यंबक रोडवरचं जिल्हा रुग्णालय, म्हणजे आपलं सिव्हिल गाठावं लागतं. झटका ताजा असेल तर डॉक्टर काही महिने थांबायला सांगतात, कारण सुधारणा कितपत होते ते पाहून टक्केवारी ठरते. हा काळ वाया घालवू नका, तेवढ्यात बाकीची कागदं जमवा.

सगळ्यांत जास्त अर्ज अडतात ते वैद्यकीय प्रमाणपत्रावर. घराघरांत खासगी हॉस्पिटलची जाडजूड फाईल असते. एमआरआय, डिस्चार्ज कार्ड, बिलं, मोठ्या न्यूरोलॉजिस्टचं पत्र, सगळं असतं. निराधार योजनेला मात्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा सरकारी रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकाचं प्रमाणपत्र लागतं. खासगी फाईल ते मिळवण्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडते, त्याच्या जागी चालत नाही. सातपूरची एक मुलगी लाल प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये वडिलांचे सगळे रिपोर्ट तारीखवार लावून आली होती. प्रत्येक पानावर पेन्सिलीने क्रमांक, मागे औषधांचा तक्ता. इतकी व्यवस्थित फाईल मी क्वचितच पाहिली असेल. त्यात सरकारी शिक्का असलेला एकही कागद नव्हता आणि अर्ज तेवढ्यावरूनच परत आला होता.

मंजुरी समितीच्या बैठकीत होते, त्यामुळे वेळ लागतो. अर्ज दिल्याची पोच जपून ठेवा. मंजुरीनंतर दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. परीक्षेच्या धांदलीत तो राहून जातो आणि अनुदान थांबतं. आणखी एक विचारणा नेहमी होते. वडिलांना निराधार अनुदान सुरू झालं म्हणून मुलीची शिष्यवृत्ती बंद होत नाही, निश्चिंत राहा. मात्र लाडकी बहीण आणि निराधारचे दीड हजार हे दोन्ही एकाच बाईला मिळत नाहीत. आई आजारी असेल आणि दोन्हीकडे तिचंच नाव असेल, तर एक लाभ जाणार हे धरून चाला.

उत्पन्नाचा दाखला

शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा लाखांत आहे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला अडीच लाख, राजर्षी शाहू शिक्षण शुल्क योजनेला आठ लाख. निराधारला ती हजारांत आहे. म्हणून काही कुटुंबं एजंटच्या सल्ल्याने दोन दाखले काढतात, एक मोठ्या आकड्याचा, एक लहान. असं करू नका. दोन्ही दाखले एकाच तहसीलमधून निघतात, दोन्हींवर त्याच माणसांची नावं असतात. एखाद्या चौकशीत दोन्ही समोर आले तर मिळत असलेली शिष्यवृत्तीही जाते. खरं उत्पन्न २१ हजारांपेक्षा जास्त असेल तर वर सांगितलेली दिव्यांगत्वाची वाट आहे. तिथेही बसत नसाल तर ती योजना तुमची नाही. हे ऐकायला कडू वाटतं, पण आधीच कळलेलं बरं.

दुसरी अडचण वर्षाची. कमावतं माणूस डिसेंबरमध्ये पडलं आणि तुम्ही जूनमध्ये दाखला काढला, तर दाखल्यावर मागच्या आर्थिक वर्षाचं उत्पन्न येतं आणि त्यात आजारापूर्वीचे महिने येतात. ‘आता तर घरात काहीच येत नाही’ हे खरं असलं तरी आकडा मागच्या वर्षाचाच राहतो. अशा वेळी तलाठ्याकडे जाताना डिस्चार्ज कार्ड आणि कामावरून कमी केल्याचं किंवा बिनपगारी रजेचं पत्र सोबत ठेवा, म्हणजे अहवालात कमाई कुठल्या महिन्यापासून थांबली ते येईल. दाखल्यावर ‘३१ मार्चपर्यंत वैध’ असं छापलेलं असतं. ते न वाचता मागच्या वर्षीचाच दाखला पुन्हा अपलोड करणारे दर हंगामात भेटतात.

महाडीबीटीच्या प्रोफाईलमध्ये पालकांची माहिती असते : वडील हयात आहेत का, काम करतात का, व्यवसाय काय. नूतनीकरणाच्या वेळी जुनीच माहिती पुढे येते. वडील दोन वर्षं बिछान्यावर आणि प्रोफाईलमध्ये ‘खासगी नोकरी’. दाखल्याशी हे जुळलं नाही की अर्ज परत. तो रकाना आधी दुरुस्त करा.

घरी राहता, मग ‘डे स्कॉलर’च

या मुद्द्यावर मुलं सगळ्यांत जास्त दुखावतात. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. अशा पदवी अभ्यासक्रमांना वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला ६,००० रुपये निर्वाह भत्ता आहे आणि घरून येणाऱ्याला ३,०००. मोह होतो आणि ‘हॉस्टेलर’वर टिक केली जाते. मग कॉलेज वसतिगृहाचा पुरावा मागतं, अर्ज परत येतो आणि दुरुस्तीची मुदत निघून जाते.

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचा खर्च देणाऱ्या स्वाधार योजनेचंही तेच. नाशिकसारख्या शहरात तिची रक्कम वर्षाला ५१,००० आहे, म्हणून सगळ्यांची नजर तिच्यावर असते. पण सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आणि शिकण्यासाठी घर सोडून राहणाऱ्या विद्यार्थ्यासाठी ती आहे. कॉलेज जिथे आहे तिथलाच रहिवासी असलेला विद्यार्थी तिला पात्र नाही. आदिवासी विद्यार्थ्यांच्या स्वयं योजनेची रचनाही तशीच आहे. तिची चौकशी गडकरी चौकातल्या आदिवासी विकास भवनात करता येते. पंचवटीत आजीला सांभाळत राहणारी मुलगी यांत बसत नाही. सिन्नरहून रोज एसटीने ये-जा करून संध्याकाळी भावाला फिजिओथेरपी देणारा मुलगाही बसत नाही, कारण तो घर सोडून राहत नाही. घर सोडता येत नाही म्हणून जो घरी थांबला, त्यालाच कमी पैसे मिळतात. हा नियम अन्यायाचा आहे असं माझं ठाम मत आहे. तरीही मामाच्या खोलीचा खोटा भाडेकरार जोडू नका. पडताळणीला माणूस आला की मामाही अडचणीत येतो.

उलट परिस्थिती असेल तर मात्र हक्काने अर्ज करा. सुरगाण्याहून किंवा पेठहून शिकायला नाशिकला आलात, खोली घेतलीत आणि उपचारासाठी आईला इथे आणलंत, तर कायमचा पत्ता गावचा आहे, म्हणून तुम्ही स्थानिक नाही. आई सोबत राहते म्हणून अपात्र ठराल असं समजून अर्जच न करणारे भेटतात. भाडेकरार तुमच्या नावावर हवा, एवढं पाहा.

हजेरी आणि खंड

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नियमात ७५ टक्के हजेरी आहे. राजर्षी शाहू योजनेत मागच्या सत्रात किमान ५० टक्के हजेरी आणि परीक्षेला बसलेलं असणं लागतं. या दोन आकड्यांची गल्लत होते. ‘५० चालते’ हे शिष्यवृत्तीपुरतं आहे, परीक्षा फॉर्मसाठी नाही.

हजेरी कमी पडली की काही मुलं स्वतःच्या नावाचं काविळीचं किंवा टायफॉइडचं प्रमाणपत्र आणतात. त्याची गरज नाही आणि ते धोक्याचं आहे. सत्राच्या सुरुवातीलाच प्राचार्यांना साधं पत्र द्या : घरी कोण आजारी आहे, दवाखान्याचे दिवस कोणते, घरात दुसरं कुणी का करू शकत नाही. सोबत डॉक्टरांचं पत्र जोडा. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर कार्यालयाचा आवक शिक्का आणि तारीख घ्या. तुमच्या सेवेचा पुरावा म्हणून हाती येणारा कागद बहुधा हाच. मार्चमध्ये दिलेल्या पत्राला सबब म्हणतात. जुलैच्या शिक्क्याच्या पत्रावर प्राध्यापक निदान विचार तरी करतात.

वर्ष सोडायची वेळ आलीच तर नियम नीट वाचा. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर पदविका घेऊन बाहेर पडता येतं, तीन वर्षांच्या आत परत येता येतं आणि पदवीला एकूण सात वर्षं मिळतात. शिष्यवृत्ती मात्र इतकी थांबत नाही. राजर्षी शाहू योजनेत अभ्यासक्रमादरम्यान दोन किंवा जास्त वर्षांचा खंड चालत नाही. म्हणून शक्य असेल तर एका वर्षापलीकडे खंड जाऊ देऊ नका. नापास झाल्यामुळे थांबलेली शिष्यवृत्ती बहुतेक योजनांत पुढच्या वर्गात गेल्यावर परत सुरू होते, तेव्हा एक वर्ष बुडालं म्हणून पुढे अर्ज करायचं सोडू नका.

मुक्त विद्यापीठ आपल्या गोवर्धनलाच आहे आणि घरी रुग्ण असलेल्यांना ते सोयीचं आहे, यात शंका नाही. पण राजर्षी शाहू योजना दूरशिक्षणाला आणि अर्धवेळ अभ्यासक्रमाला लागू नाही. नियमित प्रवेश रद्द करण्याआधी हा हिशेब घरात बसून करा.

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी

वय १८ च्या आत असेल तर बालसंगोपन योजना पाहा. एकच पालक आहे किंवा पालक दुर्धर आजाराने ग्रस्त आहेत अशा मुलांसाठी महिना २,२५० रुपये आहेत. नाशिक-पुणे रोडवर नासर्डी पुलाजवळच्या समाजकल्याणच्या आवारात जिल्हा महिला व बालविकास कार्यालय आहे. तिथे चौकशी करा. गृहभेट होते आणि आदेश बाल कल्याण समिती देते. लोक बारावीच्या निकालानंतर येतात आणि तोवर वय उलटलेलं असतं. दहावीच्या सुट्टीतच अर्ज टाका.

बँक आणि तारखा

‘बँकेला आधार जोडलंय’ म्हणजे डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे येतीलच असं नाही. केवायसीसाठी आधार देणं वेगळं आणि पैसे जमा होण्यासाठी खातं एनपीसीआयकडे, म्हणजे बँकांमधले व्यवहार जोडणाऱ्या संस्थेकडे, आधारशी जोडलेलं (सीडिंग) असणं वेगळं. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती पाहा. पैसे तिथे दिसणाऱ्या बँकेतच जातात, अर्जात तुम्ही काहीही लिहिलं असलं तरी. शाळेत असताना उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं तिथे दिसलं की पैसे अडकतात.

मुदतीबाबत एवढंच, की विद्यार्थ्याने अर्ज पाठवायची तारीख आणि कॉलेजने तपासून पुढे पाठवायची तारीख वेगळी असते. मुदतवाढीची बातमी आली की ती कुणासाठी आहे ते वाचा. अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून असेल तर तुमच्या बाजूने ‘सबमिट’ दिसूनही काम झालेलं नसतं. आठवड्यातून एकदा स्थिती बघा. परत आलेल्या अर्जाचा मेसेज दवाखान्याच्या गडबडीत हमखास निसटतो.

उत्पन्नाचा दाखला सेवा हक्क कायद्यात आहे आणि त्याची मुदत १५ दिवस आहे. सेतूत ‘सर्व्हर डाऊन, पुढच्या आठवड्यात या’ ऐकून परतू नका, अर्ज क्रमांक असलेली पावती घेऊनच निघा. मुदत त्या पावतीपासून मोजली जाते. अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा, ते देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्या तारखेपासून ३० दिवसांत पहिलं अपील करता येतं.