‘एसी पंप’ म्हणतात तो आला कुठून

जुनी पद्मिनी नाहीतर अँबॅसिडर घेऊन एखाद्या मुरलेल्या मेकॅनिककडे गेलात आणि त्याने बॉनेट उघडून “एसी पंप गेलाय” असं सांगितलं तर गोंधळून जाऊ नका, गाडीला एसी नसला तरी एसी पंप असतो. इंजिनाच्या बगलेत दोन बोल्टवर बसवलेला, वर डबीसारखं झाकण, आत फिल्टरची जाळी, बाजूला हाताने मारायचा छोटा लीव्हर, टाकीतलं पेट्रोल इंजिनापर्यंत आणणारा पंप, तोच तो. ही एसी अक्षरं आहेत अल्बर्ट चॅम्पियन नावाच्या माणसाची. मूळचा पॅरिसचा सायकलपटू, १८९९ ची पारी-रुबे शर्यत जिंकलेला, पुढे अमेरिकेत जाऊन स्पार्क प्लगच्या धंद्यात पडला आणि १९०८ मध्ये मिशिगनमधल्या फ्लिंट गावात कंपनी काढली, तीच नंतर जनरल मोटर्सच्या छत्राखाली एसी स्पार्क प्लग म्हणून नावारूपाला आली. स्वतः चॅम्पियन १९२७ मध्ये गेला, पण त्याच्या कंपनीचा डायफ्रॅमवाला, म्हणजे वरखाली हलणाऱ्या लवचिक पडद्याचा पंप साधारण त्याच सुमारास बाजारात आला आणि इतका पसरला की आपल्याकडे पंप कुठल्याही कंपनीचा असो, नाव एसीच. डालडासारखं.

पण त्याआधी पंपाची गरजच नव्हती. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ निघाली, दीड कोटी गाड्या, आणि त्यातल्या बहुतेकांत पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली, कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग, त्याच्याहून खाली, पेट्रोल आपोआप उतारावरून जाणार. चढावर मात्र नाक वर झालं आणि टाकीत पेट्रोल कमी असलं की उतार उलटा व्हायचा आणि इंजिन उपाशी, मग लोक सरळ गाडी वळवून रिव्हर्समध्ये घाट चढायचे. हसू येतं पण उपाय अगदी बरोबर होता.

मग टाकी मागे डिकीखाली गेली आणि पेट्रोल वर कसं आणायचं हा प्रश्न उभा राहिला. मधल्या काळात व्हॅक्यूम टँक नावाचा प्रकार होता, इंजिन ज्या नळीतून हवा आत खेचतं त्या मॅनिफोल्डमधली ओढ वापरून मागचं पेट्रोल बॉनेटखालच्या छोट्या डब्यात खेचायचं आणि तिथून खाली कार्ब्युरेटरला सोडायचं. यातली गोम अशी की अ‍ॅक्सिलरेटर दाबून थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधली ओढच जवळपास संपते, म्हणजे लांब चढावर जेव्हा पेट्रोल सगळ्यात जास्त लागतं तेव्हाच हा भाऊ संपावर.

एसी पंपाने हे सोडवलं आणि ज्या पद्धतीने सोडवलं ती मला अजूनही फार आवडते. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या कॅमशाफ्ट नावाच्या दांड्यावरचा एक उंचवटा, म्हणजे कॅम, लीव्हर ढकलतो, लीव्हर डायफ्रॅम खाली ओढतो, टाकीतून पेट्रोल येतं. इथपर्यंत कुणालाही सुचलं असतं. पण पेट्रोल पुढे ढकलण्याचं काम कॅम करत नाही, ते डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते. कार्ब्युरेटर भरून त्यातला तरंगणारा फ्लोट वर आला, त्याच्या नीडलने, म्हणजे सुईसारख्या झडपेने, तोंड बंद केलं की स्प्रिंग दबलेलीच राहते आणि लीव्हर नुसता पोकळ हलत बसतो. म्हणजे इंजिन हजार फेऱ्यांवर असो की पाच हजारांवर, पेट्रोलचा जोर जास्तीत जास्त स्प्रिंगएवढाच. ना रेग्युलेटर, ना वायर, ना फ्यूज, आणि इंजिन बंद पडलं की पंपही बंद.

इंग्रज मंडळींनी दुसरा रस्ता धरला. एसयू, म्हणजे स्किनर्स युनियन, यांचा इलेक्ट्रिक पंप, आत कॉइल आणि वीज जोडणारे-तोडणारे दोन पॉइंट, चावी फिरवली की टक टक टक करतो, फ्लोट भरला की गप्प. मॉरिस मायनर, एमजी, जॅग्वार सगळ्यांत हाच. पॉइंट काळे पडले की टकटक बंद, मग उतरून पान्याने पंपाला एक टपली मारायची की पुन्हा चालू. जुन्या ब्रिटिश गाड्या बाळगणाऱ्यांच्या हाताशी टपली मारायला काहीतरी कायम असतं ते यासाठी.

आपल्याकडची गोष्ट मुख्यतः कुर्ल्याची. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाईल्स १९४४ ची, तिथेच फियाट अकराशे बनू लागली आणि तीच पुढे पद्मिनी झाली, १०८९ सीसी, चाळीसेक हॉर्सपॉवर, टाकी मागे, पंप इंजिनावर. आता पंप गरम इंजिनाला चिकटलेला आणि तो पेट्रोल लांबून ओढतो, ओढल्यामुळे नळीतला दाब कमी, दाब कमी म्हणून पेट्रोल लवकर उकळतं, आणि वाफ काही पंपाला ढकलता येत नाही. एप्रिल-मे महिन्यात खंडाळ्याच्या नाहीतर कसाऱ्याच्या घाटात बॉनेट वर करून पंपावर ओलं फडकं टाकून उभी असलेली फियाट ज्यांनी पाहिलीय त्यांना व्हेपर लॉक समजावून सांगायची गरज नाही. आमच्या गाडीत त्यासाठी पाण्याचा वेगळा कॅन असायचा, तो प्यायला मागितला की वडील चिडायचे.

ऐंशीच्या दशकात मारुती ८०० आली, कार्ब्युरेटरच होता, पंपही कॅमवरचाच. २००० च्या आसपास धुराचे नियम कडक झाले, कार्ब्युरेटरच्या जागी दाबाने पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं आणि पंप टाकीच्या आत जाऊन बसला, तिथे त्याला चाळीसच्या वर पीएसआय दाब द्यावा लागतो. आणि नेमकी इथेच आजच्या घोळाची सुरुवात आहे. जुना पंप गेला, ओरिजिनल मिळेना, मग कुणीतरी सुचवतं की अमुक गाडीचा इलेक्ट्रिक टाका, एकदम पॉवरफुल आहे. अरे पण पॉवरफुल हवाय कुणाला! चाळीस घोड्यांचं इंजिन पाय दाबून पळवलं तरी तासाला १२-१५ लिटरच्या वर पीत नाही, तेवढं कुठलाही धड पंप देतो. कार्ब्युरेटरला अडीच-तीन-चार पीएसआय पुरतात, मोठ्या अमेरिकन व्ही-एटना सहाच्या आसपास. त्याच्या वर गेलं की फ्लोटला नीडल दाबून धरता येत नाही, पेट्रोल ओसंडून मॅनिफोल्डमध्ये आणि नशीब खराब असेल तर गरम एक्झॉस्टवर. मी स्वतः एकदा असा जोरदार पंप बसवून घेतलाय, दुकानदार म्हणाला चालेल, चाललं ते फक्त पेट्रोल, जमिनीवर.

इलेक्ट्रिकच हवा असेल तर कमी दाबाचा घ्या, फॅसेटचा चौकोनी डबीसारखा पंप जगभर जुन्या गाड्यांना लावतात तो त्यासाठीच, आणि आकडा जास्त असेल तर पुढे रेग्युलेटर. बसवायची जागा मागे, टाकीजवळ आणि जमेल तितकी खाली, कारण हे पंप ढकलण्यात पटाईत आणि ओढण्यात आळशी असतात. घाटातल्या ओल्या फडक्याचं कोडंही तिथेच सुटतं, कारण ढकललेल्या पेट्रोलवर दाब असतो आणि ते सहजी उकळत नाही. पंपाच्या आधी फिल्टर, अर्थिंग खरवडलेल्या स्वच्छ पत्र्यावर. आणि एक गोष्ट लोक हमखास विसरतात, मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर थांबतो पण इलेक्ट्रिक चावी चालू असेपर्यंत थांबत नाही, गाडी आपटून नळी तुटली तरी पेट्रोल ओततच राहणार. म्हणून पंपाला वीज देणारा रिले ऑइल प्रेशर स्विचवरून घ्यायचा, म्हणजे इंजिन थांबून ऑइलचा दाब गेला की पंपही बंद, किंवा धक्का बसला की वीज तोडणारा इनर्शिया स्विच टाकायचा. इंजिनावरचा जुना पंप काढलात तर तिथे पत्र्याची प्लेट आणि गॅस्केट लावून भोक बंद करा, नाहीतर ऑइलची रांगोळी.

माझं मत विचाराल तर रोजच्या वापरातल्या पद्मिनीला मेकॅनिकलच बरा. बसवताना इंजिन आणि पंपामधला तो जाड ब्लॉक फेकू नका, तो उष्णता अडवतो आणि लीव्हर कॅमवर किती दाबला जाणार तेही ठरवतो, त्याच्याऐवजी पातळ गॅस्केट लावलं तर लीव्हर तरी मोडतो नाहीतर डायफ्रॅम फाटतो. बोल्ट आवळण्याआधी इंजिन थोडं फिरवून लीव्हर कॅमच्या सखल बाजूवर येऊ द्या, पंप अलगद बसतो, जोर लावावा लागत नाही.

आता नवीन भानगड इथेनॉलची. जून २०२२ पर्यंत देशात पेट्रोलमध्ये १० टक्के झालं, फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्केवालं यायला लागलं, आपल्या साखर कारखान्यांना ते चांगलंच मानवलं, पण पद्मिनीच्या काळचं रबर या मिश्रणासाठी बनलेलंच नव्हतं, ते फुगतं, मऊ होतं, नंतर तडकतं. डायफ्रॅम फाटला की पेट्रोल खाली ऑइल चेंबरमध्ये उतरतं, डिपस्टिक काढून वास घ्या, पेट्रोलचा भपकारा आला आणि ऑइलची पातळी वाढलेली दिसली तर गाडी चालू करू नका. पुण्यात नाना पेठेत नाहीतर मुंबईत ऑपेरा हाऊसला रिपेअर किट अजून मिळतात, पण त्यातले काही वीस वीस वर्षं दुकानात पडून असतात, तेव्हा पैसे देण्याआधी डायफ्रॅम बोटांत धरून वाकवून बघा, कडकडला तर परत द्या.