पाचोळा मातीवर, मातीत नाही

पानगळ सुरू झाली की परसदारी रोज झाडू फिरायला लागतो. गोळा केलेली पानं कचऱ्यात जातात, नाहीतर कोपऱ्यात पेटवली जातात. मला ते पाहून खरंच वाईट वाटतं. पुढच्या हंगामाचं मातीचं खाणं त्या ढिगात असतं.

झाड पान सोडतं ते हिशेबाने. पानाकडून देठात येणारं ऑक्सिन हे संप्रेरक कमी होतं, इथिलीन या दुसऱ्या संप्रेरकाचा जोर वाढतो आणि देठाच्या मुळाशी असलेला पेशींचा पातळ थर सुटा होत जातो. त्याआधी झाडाने हरितद्रव्य मोडून पानातला बराचसा नायट्रोजन आणि फॉस्फरस, पुष्कळदा निम्म्याहून अधिक, फांद्यांत ओढून घेतलेला असतो. पान पिवळं दिसतं ते त्यामुळेच. कॅल्शियमला मात्र परतीची वाट नसते. अन्नरसाच्या नलिकांतून ते जवळजवळ हलतच नाही, म्हणून पानाबरोबर खाली येतं. पान पेटवलं की राखेत थोडी खनिजं उरतात, पण कार्बन आणि उरलासुरला नायट्रोजन धुरात जातो. जमीन भुसभुशीत ठेवणारा सेंद्रिय कर्ब ज्यातून तयार व्हायचा, तेच जळून जातं.

हे कळल्यावर एका वर्षी मी उत्साहाच्या भरात कोरडा पाचोळा चुरून वाफ्यात खोलवर मिसळला. थोड्याच आठवड्यांत रोपं पिवळी पडून खुंटली. चूक पाचोळ्याची नव्हती, मिसळण्याची होती. पानं कुजवणाऱ्या सूक्ष्मजीवांना कार्बनाबरोबर नायट्रोजनही लागतो. २५ ते ३० भाग कार्बनाला १ भाग नायट्रोजन असं खाणं मिळालं की ते जोमाने काम करतात. वाळक्या पानांत कार्बनाचा हा आकडा ५०-६० किंवा त्याहूनही वर असतो. मग तूट भरून काढायला ते मातीतला नायट्रोजन उचलतात आणि रोपांच्या तोंडचा घास जातो. तोच पाचोळा मातीवर नुसता अंथरला, तर ही ओढाताण वरच्या पातळ थरापुरती राहते, मुळांना तिची झळ लागत नाही.

आत नेण्याचं काम गांडुळांवर सोडावं. चार्ल्स डार्विनने १८३७ साली गांडुळांवर पहिला निबंध वाचला आणि १८८१ साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, त्यांच्यावर अख्खं पुस्तक काढलं. गांडुळं पान बिळात ओढताना बहुतेक वेळा ते टोकाकडून धरतात, कारण तसं ते सहज आत जातं, हे त्याने पानं मोजून दाखवलं. एवढी नेमकी मशागत आपल्या खुरप्याला जमणार नाही.

आच्छादन किती जाड असावं, हे ऋतू ठरवतो. उन्हाळ्यात ५ ते ८ सेंटिमीटरचा थर हवा. तो ऊन अडवतो, वारा अडवतो आणि ओल टिकवतो. बुंध्याभोवती मात्र चार बोटं जागा मोकळी ठेवायची, नाहीतर साल ओली राहून सडते. पावसाळ्यात थर पातळ करा आणि आळ्याची कड एका बाजूने फोडून ठेवा. प्राणवायू हवेत जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट हळू तो पाण्यात पसरतो. आळं तुंबलं की मुळं गुदमरतात. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही पुरेशी असणं, तेच कुंडीपासून परसापर्यंत सगळीकडे हवं असतं. हिवाळ्यात बाष्पीभवन मंदावतं, तेव्हा रोजच्या सवयीने पाणी घालू नका. दोन पेरं बोट मातीत घालून पाहा आणि आत कोरडं लागलं तरच घाला.

उरलेल्या पाचोळ्याचं कंपोस्ट होतं. त्यात ताजं गवत किंवा भाजीची देठं घातली की नायट्रोजनाची तूट भरून निघते. ढीग पिळलेल्या फडक्याइतका ओलसर ठेवायचा.

अधूनमधून हा ढीग किंवा आच्छादनाचा थर उचकटून खालची ओली पानं हुंगून पाहा. पहिल्या पावसासारखा गंध आला तर सगळं ठीक चाललंय. तो जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा वास, स्ट्रेप्टोमायसिससारखे जिवाणू ते तयार करतात. आंबूस किंवा सडका वास आला तर आत हवा पोचत नाहीये. पानं वर-खाली करून मोकळी करा आणि काही दिवस पाणी थांबवा.