पॅरिसमधला 'निर्भय ज्याँ'चा बुरूज: एका जिन्याची पार्श्वभूमी

पॅरिसमध्ये एतिएन मार्सेल रस्त्यावर नंतरच्या इमारतींच्या मधोमध एक उंच दगडी बुरूज उभा आहे. तूर ज्याँ सां पर, म्हणजे निर्भय ज्याँचा बुरूज. बघताना वाटतं किल्ल्याचा उरलेला तुकडा असेल, पण त्याचा मोठा भाग म्हणजे एका महालाचा गोल जिना आहे, आणि तो का बांधला हे कळायला एका खुनापासून सुरुवात करावी लागते.

फ्रान्सचा राजा सहावा शार्ल याला वेडाचे झटके यायचे, त्यामुळे कारभार कोणाच्या हातात यावरून त्याचा सख्खा भाऊ लुई आणि चुलत भाऊ ज्याँ, बर्गंडी प्रांताचा ड्यूक, यांच्यात जुंपलेली होती. लुईने गाठीगाठीचा सोटा हे आपलं चिन्ह केलं तर ज्याँने सुताराचा रंधा घेतला, म्हणजे तुझा सोटा मी तासून काढतो असा सरळ इशाराच! २३ नोव्हेंबर १४०७ ला रात्री मारेकऱ्यांनी लुईला रस्त्यात गाठून मारलं, हे आपणच करवलं असं ज्याँने कबूलही केलं, पॅरिस सोडून पळाला, परत आला, राजाकडून माफी मिळवली आणि १४०९ ते १४११ या काळात आपल्या महालात हा बुरूज उभा केला.

जीव वाचवायला बांधला असं सरसकट सांगतात. भीती असणारच, पण मला ते अर्धंच खरं वाटतं, कारण लपायला बांधलेल्या जिन्याला कोणी मोठ्या खिडक्या ठेवत नाही. आधीच्या किल्ल्यांमधले गोल जिने भिंतीच्या जाडीत, अरुंद आणि अंधारे असायचे. १३६० च्या दशकात राजा पाचव्या शार्लसाठी रेमों द्यू तांप्ल या स्थपतीने पॅरिसच्या लूव्र या राजकिल्ल्यात मोठा गोल जिना भिंतीतून बाहेर काढून चौकात आणला, आणि जिना ही मिरवायची गोष्ट झाली. (तो जिना सतराव्या शतकात पाडला, फार मोठं नुकसान.) ज्याँचा जिना त्याच वाटेवरचा आहे, रुंद, उजेडाचा, पाहुण्याचे डोळे दिपावेत असा.

आणि खरी कमाल वर आहे. जिन्याचा मधला खांब वर जाऊन कुंडीसारख्या आकारात संपतो आणि त्या कुंडीतून दगडी ओकचं झाड उगवून त्याच्या फांद्या सगळ्या छतावर पसरतात. ओक ज्याँच्या वडिलांचं चिन्ह, सोबतचं हॉथॉर्न हे काटेरी झुडूप आईचं, आणि हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या फुलांचा) वेल स्वतः ज्याँचा. म्हणजे वर चढणाऱ्या प्रत्येकाने डोकं वर केलं की त्याला बर्गंडीचं अख्खं घराणं दिसणार. एवढं कोरीवकाम, एवढी पानं, दगडात!

ज्याँ स्वतः १० सप्टेंबर १४१९ ला मोंतरो इथल्या पुलावर मारला गेला. पुढे १५४३ मध्ये राजा पहिल्या फ्रान्स्वाने महालाची जागा तुकडे करून विकायला काढली, त्यातल्या एका तुकड्यावर नाटकगृह झालं, बुरूज मात्र घरांच्या गर्दीत दडून गेला म्हणूनच बहुतेक वाचला. १८६८ मध्ये नवा रस्ता काढताना तो परत उघडा पडला, १८८४ ला संरक्षित स्मारक झाला, लोकांसाठी खुला व्हायला १९९९ उजाडलं. बाहेरच्या भिंतीवर बघायला विसरू नका, कमानीत दोन रंधे आणि एक ओळंबा कोरलेला आहे.