मत्स्यपेटीतले शिंपले आणि लोच

गोड्या पाण्यातले शिंपले आणि ‘लोच’ या नावाने विकले जाणारे, तळाशी वावरणारे छोटे मासे घरच्या काचेच्या टाकीत पाळण्याचा हा छंद आहे. दुकानात दोघांची ओळख बहुतेक वेळा एकाच शब्दात करून दिली जाते : ‘क्लीनर’. शिंपला पाणी गाळतो, लोच तळाला पडलेले खाणे उचलतो, म्हणून टाकी आपोआप साफ राहते असा त्यामागचा हिशेब. तो दोघांच्याही बाबतीत फसवा आहे. शिंपल्याला जगायला थोडे गढूळ, हिरवट पाणी लागते, तर लोचला वाहते, प्राणवायूने भरलेले नितळ पाणी हवे असते. दोघांचे एकमत होते ते फक्त तळाच्या वाळूबाबत.

कोकणात आणि गोव्यात तिसऱ्या किंवा खुबे म्हटले की खाडीतले, खारट पाण्यातले शिंपले डोळ्यांसमोर येतात. ते गोड्या पाण्याच्या टाकीत तग धरत नाहीत, त्यामुळे या नोंदीत ते अभिप्रेत नाहीत. टाकीत येणारे शिंपले ढोबळमानाने दोन गटांतले असतात. पहिला गट नदीतल्या आणि तळ्यातल्या मोठ्या शिंपल्यांचा. भारतात त्यात ‘लॅमेलिडेन्स मार्जिनॅलिस’ ही जात सर्वांत ओळखीची. तिची काळपट तपकिरी, लांबट शिंप आठ-दहा सेंटीमीटरपर्यंत भरते. गोड्या पाण्यातल्या मोत्यांच्या शेतीत वापरतात ती प्रामुख्याने हीच. दुसरा गट ‘कॉर्बिक्युला’ या प्रजातीतल्या लहान, गोलसर, पिवळसर शिंपल्यांचा. त्यांच्या पाठीवर ठळक वळ्या असतात आणि आकार दोन-तीन सेंटीमीटर. दुकानात ‘गोल्डन क्लॅम’ नावाने मिळतात ते बहुधा हेच.

शिंपला वाळूत पाय खुपसून उभा रुततो आणि मागच्या टोकाची फट तेवढी वर ठेवतो. या फटीत दोन नळीसारखी तोंडे दिसतात. एकातून पाणी आत येते, दुसऱ्यातून बाहेर जाते. आत आलेले पाणी कल्ल्यांवरच्या सूक्ष्म केसांमधून जाते, त्यातले शेवाळाचे कण, जीवाणू आणि कुजका चुरा चिकट स्रावात अडकतो आणि तोंडाकडे ढकलला जातो. नको असलेले कण गोळी करून बाहेर टाकले जातात. म्हणजे शिंपला पाणी गाळतो हे खरेच आहे. पण गाळणे हे त्याचे जेवण आहे, मालकाची सेवा नव्हे. शिवाय त्याने गाळलेल्या पाण्यातला गढूळपणा जातो, विरघळलेला अमोनिया किंवा नायट्रेट जात नाही. उलट शिंपल्याचीही विष्ठा असतेच, ती त्यात भरच घालते. पाणी काचेसारखे दिसू लागले म्हणून बदलायचे सोडून देणारे नवखे लोक इथेच फसतात.

मोठा शिंपला दिवसाकाठी कित्येक लिटर पाणी गाळतो. साठ-सत्तर लिटरच्या, चांगला फिल्टर बसवलेल्या टाकीत त्याच्या खाण्याजोगे कण मुळातच थोडे असतात, आणि ते काही दिवसांत संपतात. पुढे काय होते ते दिसत नाही, हीच अडचण. शिंपला उपाशी आहे हे बाहेरून कळत नाही. साठवलेल्या शक्तीवर तो आठवडे, कधी महिने काढतो आणि मग एक दिवस मरतो. ‘इतके दिवस छान होता, अचानक गेला’ असे मालक सांगतो. अचानक काहीच झालेले नसते. मोत्यांसाठी शिंपले वाढवणारे शेतकरी तळ्यात शेण आणि खत टाकून पाणी मुद्दाम हिरवे करतात, कारण त्यांना ही गोष्ट पक्की ठाऊक असते.

घरी यावर उपाय आहे, पण त्याला चिकाटी लागते. एका बादलीत टाकीतून काढलेले जुने पाणी उन्हात ठेवले की आठ-पंधरा दिवसांत ते हिरवे होते. हे पाणी रोज थोडे थोडे टाकीत घालतात. ते जमले नाही तर स्पिरुलिनाची, म्हणजे वाळवलेल्या सूक्ष्म शेवाळाची, बारीक पूड पाण्यात कालवून, नळीने शिंपल्याच्या जवळ सोडतात. त्या वेळी फिल्टर अर्धा-पाऊण तास बंद ठेवावा लागतो, नाहीतर सगळे खाणे स्पंजच्या पोटात जाते. काही हौशी लोक शिंपला उचलून हिरव्या पाण्याच्या वाडग्यात काही तास ठेवतात आणि परत सोडतात. ही रीत जास्त भरवशाची, कारण शिंपला उघडला की नाही आणि पाण्याचा हिरवेपणा कमी झाला की नाही हे डोळ्यांनी दिसते. कॉर्बिक्युलाला एक सोय जास्त आहे : तो पायाने वाळूतला सेंद्रिय चुराही गोळा करून खाऊ शकतो. त्यामुळे जुन्या, थोडा गाळ साचलेल्या टाकीत तो मोठ्या शिंपल्यापेक्षा बरा टिकतो. नव्या, चकाचक टाकीत दोघांपैकी कोणालाच आणू नये.

मेलेला शिंपला ही टाकीतली सर्वांत वाईट घटना समजावी. मासा मेला तर वर तरंगतो किंवा कोपऱ्यात दिसतो. शिंपला वाळूत पुरलेलाच मरतो आणि त्याचे मांस तिथेच सडते. लहान टाकीत त्यातून सुटणारा अमोनिया एका रात्रीत सगळे मासे मारू शकतो. जिवंत शिंपल्याला काडीने हळूच स्पर्श केला की तो झडप मिटतो. उघडा पडलेला आणि स्पर्शानेही न मिटणारा शिंपला मेलेलाच समजून काढून टाकावा. वास घेऊन खात्री करायला हरकत नाही, पण एकदा घेतलेला तो वास पुन्हा घ्यावासा वाटत नाही. वाळूवर शिंपला सरकल्याची चर दिसत असेल तर तो जिवंत आहे आणि जागा शोधतो आहे. रोजच नवी चर दिसू लागली तर जागा त्याला मानवत नाही, किंवा खायला मिळत नाही, असे धरून चालावे. दर आठवड्याला प्रत्येक शिंपला मोजून हजेरी घेण्याची सवय म्हणूनच चांगली. मोठ्या टाकीत एखाद-दुसराच ठेवावा, म्हणजे हजेरीही सोपी आणि उपासमारही कमी.

लोच हा एकच मासा नव्हे. मिशा असलेल्या, तळाशी राहणाऱ्या, बहुतेक लांबट बांध्याच्या माशांची ती अनेक कुळे आहेत. बाजारात सर्वाधिक दिसतो तो क्लाउन लोच, नारिंगी अंगावर तीन रुंद काळे पट्टे असलेला. हा सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरच्या नद्यांतला. ब्लीकर या डच शास्त्रज्ञाने १८५२ साली त्याचे वर्णन केले. दुकानात तो चार-पाच सेंटीमीटरचा असतो, पूर्ण वाढला की तीस सेंटीमीटरपर्यंत जातो आणि वीस वर्षांहून अधिक जगू शकतो. दोन फुटी टाकीसाठी तो विकणे ही सरळ फसवणूक आहे. अंगावर अक्षरांसारख्या खुणा असलेला योयो लोच उत्तर भारतातला, त्याच्या शास्त्रीय नावातच अल्मोडा आहे. कुहली लोच हा बोटभर लांबीचा, सापासारखा वळवळणारा, आग्नेय आशियातला मासा.

मराठी वाचकाला जवळचा म्हणजे झेब्रा लोच, ‘बोटिया स्ट्रायाटा’. पिवळसर अंगावर बारीक, तिरके, गडद पट्टे आणि लांबी जेमतेम आठ सेंटीमीटर. सी. आर. नारायण राव यांनी १९२० साली तुंगा नदीतल्या माशांवरून त्याचे वर्णन केले. हा मासा पश्चिम घाटाचाच, जगात इतरत्र नैसर्गिकरीत्या सापडत नाही. कृष्णेच्या खोऱ्यात, कोल्हापूरकडे तो आढळतो. १९५६ साली तिथल्या माशांच्या अभ्यासात ‘कोल्हापुरेन्सिस’ नावाचा त्याचा एक उपप्रकारही मांडला गेला, पण आता तो वेगळा मानत नाहीत. ‘आययूसीएन’ या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या लाल यादीत या माशाची नोंद ‘संकटग्रस्त’ म्हणून आहे. जगभरच्या दुकानांतले झेब्रा लोच प्रामुख्याने नदीतूनच पकडून आणलेले असतात. पुण्याचेही एका लोचशी नाते आहे. १८७२ साली मत्स्यशास्त्रज्ञ फ्रान्सिस डे यांनी पुण्यातल्या नमुन्यांवरून ‘इव्हेझार्डी’ ही लोचची जात नोंदवली, आणि बस्तरमधल्या कोटमसर गुहेच्या अंधारात राहणाऱ्या, रंग आणि डोळे क्षीण झालेल्या लोचचा समावेश पुढे याच जातीत केला गेला.

लोचच्या सवयी नवख्याला घाबरवतात. क्लाउन आणि बोटिया गटातले (योयो, झेब्रा) मासे कधीकधी कुशीवर आडवे पडून झोपतात, मेल्यासारखे. खाताना किंवा भांडताना टक् टक् असा आवाज काढतात, तो काचेबाहेरही ऐकू येतो. त्यांच्या डोळ्याखाली दुटोकी काटा असतो आणि घाबरले की तो ताठ उभा राहतो. जाळीने धरले तर काटा जाळीत अडकतो आणि सोडवताना मासा जखमी होतो, म्हणून या गटातला मासा डब्याने किंवा मगाने पकडावा. ते एकटे ठेवू नयेत. पाच-सहांच्या टोळीत ते आपसात मोठे-लहान ठरवतात आणि शांत राहतात. एकटा लोच दिवसभर दगडाखाली दडतो किंवा दुसऱ्या माशांची शेपटी कुरतडतो. उरलेल्या खाण्यावर त्यांचे भागत नाही. बुडणाऱ्या गोळ्या, गोठवलेल्या किंवा जिवंत अळ्या असे त्यांचे स्वतःचे जेवण दिवे मालवल्यावर द्यावे लागते.

आता कळीचा प्रश्न : दोघे एकत्र नांदतात का? बोटिया गटातले लोच गोगलगाय खाण्यासाठी प्रसिद्ध आहेत. टाकीत गोगलगायींचा सुळसुळाट झाला की लोक मुद्दाम त्यांना आणतात. निमुळत्या तोंडाने ते गोगलगाईचे मांस कवचातून ओढून काढतात. अशा माशासमोर शिंपल्याने मऊ नळ्या बाहेर काढून बसायचे म्हणजे काय होणार ते सांगायला नको. पूर्ण वाढलेल्या मोठ्या शिंपल्याची झडप लोचला उघडता येत नाही, पण त्याला मारायला ती उघडावी लागतच नाही. दर पाच मिनिटांनी कोणी टोचत राहिले तर शिंपला मिटून बसतो, मिटलेला शिंपला गाळत नाही, आणि न गाळणारा शिंपला उपाशी मरतो. कॉर्बिक्युलाची लहान पिल्ले तर सरळ खाल्लीच जातात. म्हणून क्लाउन, योयो किंवा झेब्रा लोचबरोबर शिंपले ठेवू नयेत, हे स्पष्ट सांगितलेले बरे. कुहली लोच मात्र चालतो. त्याचे तोंड बारीक, स्वभाव भित्रा आणि तो रात्री वाळूतले कण चाळण्यात गुंतलेला असतो. दक्षिण भारतातला, वाळूत शिरून फक्त डोळे बाहेर ठेवणारा ‘लेपिडोसेफॅलिक्थिस थर्मॅलिस’ हाही शिंपल्याच्या वाटेला फारसा जात नाही.

वाळू दोघांनाही बारीक आणि गुळगुळीत हवी, शिंपल्याच्या लांबीइतकी खोल, म्हणजे साधारण पाच ते आठ सेंटीमीटर. बांधकामावरची क्रश सँड वापरू नये. ती फोडलेल्या काळ्या दगडाची असते, तिच्या धारदार कडांनी लोचच्या मिशा झिजतात आणि शिंपल्याच्या पायाला इजा होते. नदीची वाळू चाळून, पाणी निवळ येईपर्यंत धुऊन घ्यावी. पाणी किंचित अल्कधर्मी आणि कॅल्शियमयुक्त असले तर शिंप टणक राहते. आम्लधर्मी पाण्यात शिंपेचे जुने टोक आधी पांढरे पडते आणि मग झिजू लागते. देशावरच्या बोअरचे जड पाणी चहाला वाईट, पण शिंपल्याला मानवते. कोकणातल्या जांभ्या दगडातल्या विहिरीचे पाणी हलके, त्यात शिंपल्याचा एखादा चुरा किंवा चुनखडीचा खडा टाकून ठेवावा. नळाच्या पाण्यातला क्लोरीन आधी घालवायचा हे आलेच.

उन्हाळा हा दोघांचाही शत्रू. पाणी तिशीपलीकडे गेले की त्यात प्राणवायू कमी राहतो, आणि दुपारी वीज गेली की हवेचा पंपही थांबतो. बॅटरीवर चालणारा छोटा पंप घरात असलेला बरा. बर्फ थेट टाकू नये, गोठवलेली पाण्याची बाटली तरंगत सोडावी.

औषधांच्या बाबतीत चूक महागात पडते. लोचची खवले अतिशय बारीक असतात, काही जातींत जवळजवळ नसतातच, त्यामुळे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग त्यांना लवकर गाठतो आणि औषधाची पूर्ण मात्रा सोसत नाही. तांबे असलेले औषध शिंपल्यांना तर थेट विष आहे. रोग आला तर शिंपले दुसऱ्या भांड्यात हलवावेत किंवा आजारी मासे बाहेर काढून औषध द्यावे. तांब्याचे औषध एकदा घातलेल्या टाकीत पुढे शिंपला आणायचा विचार सोडावा, कारण तांबे वाळूत आणि दगडांत धरून राहते.

पैदाशीच्या बाबतीत दोन्ही गटांच्या शिंपल्यांत मोठा फरक आहे. लॅमेलिडेन्ससारख्या मोठ्या शिंपल्यांची सूक्ष्म पिल्ले काही दिवस माशांच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटून राहतात आणि मग गळून तळाशी पडतात. योग्य मासा नसेल तर ती मरतात, म्हणून टाकीत त्यांची वाढ सहसा होत नाही. चिनी तळ्यातला मोठा शिंपला युरोपभर पसरला तो असाच, आयात केलेल्या कार्प माशांच्या कल्ल्यांवर बसून. कॉर्बिक्युलाला मासा लागत नाही. तो उभयलिंगी असतो, पिल्ले कल्ल्यांतच वाढवतो आणि पाण्यात सोडतो. अमेरिकेत विसाव्या शतकात पोहोचलेल्या या शिंपल्याने तिथल्या वीजकेंद्रांत यंत्रे थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्या तुंबवल्या. त्याची पिल्ले पाव मिलिमीटरएवढी असतात, पाणी बदलताना बादलीत दिसतच नाहीत. त्यामुळे ज्या टाकीत कॉर्बिक्युला आहे, तिचे पाणी ओढ्यात किंवा नाल्यात न ओतता कुंड्यांना घालतात.