ब्लायनॅव्हन : एका खाणीच्या गावाची आणि त्याच्या डोंगरांची पार्श्वभूमी

दक्षिण वेल्समधील ब्लायनॅव्हन येथे येणारे प्रवासी बहुधा सकाळी बिग पिट ही जुनी कोळसा खाण पाहतात आणि दुपारी मोकळ्या हवेसाठी भोवतालच्या डोंगरांकडे वळतात. या दोन्ही ठिकाणांचा इतिहास एकच आहे आणि तो ठाऊक असला, तर तिथली तळी, पायवाटा आणि टेकड्यांचे विचित्र आकार यांचा अर्थ लागत जातो.

अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत येथे मेंढ्यांची कुरणे आणि तुरळक घरे होती. लोखंडाचे खनिज, कोळसा आणि चुनखडी हे तिन्ही पदार्थ जवळजवळ मिळतात हे पाहून थॉमस हिल, थॉमस हॉपकिन्स व बेंजामिन प्रॅट या भागीदारांनी जमीन भाडेपट्ट्याने घेतली आणि 1789 च्या सुमारास वाफेच्या इंजिनाने हवा पुरवल्या जाणाऱ्या तीन झोतभट्ट्या, म्हणजे खनिज वितळवून लोखंड काढण्याच्या भट्ट्या, सुरू केल्या. खनिज शोधण्याची त्या काळची रीत डोंगरावर अजूनही दिसते. उतारावर बांध घालून पाणी साठवायचे आणि एकदम सोडून द्यायचे, म्हणजे वरची माती वाहून जाऊन खालचे खनिज उघडे पडे. आज गवताने झाकलेल्या ज्या घळी नैसर्गिक वाटतात, त्यांतील कित्येक अशा पाण्याने कोरलेल्या आहेत.

लोखंड बाहेर नेण्यासाठी डोंगराच्या पोटातून प्वल-डी येथे दोन किलोमीटरांहून लांब बोगदा काढण्यात आला, आणि तेथून ब्लॉरेंज डोंगराच्या कडेने घोड्यांनी ओढायच्या ट्रामगाड्यांचा मार्ग लानफॉइस्टच्या कालव्यापर्यंत उतरवण्यात आला. त्या मार्गावरून आता पदभ्रमण करणारे चालतात. जेथे रूळ बसवले जात, ते भोके पाडलेले दगड काही ठिकाणी अजून पायाखाली येतात, आणि माझ्या मते संग्रहालयातील कोणत्याही वस्तूइतकेच ते थांबून पाहण्यासारखे आहेत. वाटेतील कीपर्स पाँड हे रम्य तळेही गार्नडिरिस येथील लोखंड कारखान्याला पाणी पुरवण्यासाठी बांधले गेले होते. ब्लॉरेंजच्या माथ्याजवळचे एक स्मारक मात्र या कथेबाहेरचे आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये ब्रिटनला घोडेस्वारीचे सुवर्णपदक मिळवून देणारा फॉक्सहंटर हा घोडा तेथे पुरलेला आहे.

लोखंडाच्या या धंद्याला मोठा धक्का बसला, तो याच गावात लागलेल्या एका शोधामुळे. कारखान्यातील रसायनज्ञ पर्सी गिलख्रिस्ट आणि त्याचा आतेभाऊ-मामेभाऊ नात्यातील सिडनी गिलख्रिस्ट थॉमस यांनी 1870 च्या दशकात येथे प्रयोग करून फॉस्फरसयुक्त खनिजापासूनही चांगले पोलाद करण्याची पद्धत सिद्ध केली. तसे खनिज विपुल असलेले जर्मनीसारखे देश त्यामुळे झपाट्याने पुढे गेले. ब्लायनॅव्हनचा भार हळूहळू कोळशावर आला.

बिग पिट त्या कोळशाचा मोठा आधार ठरली. 1860 च्या सुमारास खोदलेली ही खाण पुढे सुमारे 90 मीटर खोल नेण्यात आली, आणि 1920 च्या दशकात येथे तेराशेहून अधिक कामगार होते. वर्कमेन्स हॉल ही गावातील भव्य इमारत कामगारांनी स्वतःच्या आठवड्याच्या पगारातून अर्धा-अर्धा पेनी देऊन उभारली, आणि ग्रंथालयासह ती 1890 च्या दशकात खुली झाली. 1947 मध्ये खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, पण कोळसा संपत आला आणि 2 फेब्रुवारी 1980 रोजी बिग पिट बंद पडली.

खाण बुजवून टाकण्याऐवजी 1983 मध्ये ती लोकांसाठी खुली करण्यात आली, हा निर्णय मला अत्यंत महत्त्वाचा वाटतो, कारण त्यामुळे पूर्वी तेथे राबलेल्या माणसांनाच वाटाडे म्हणून काम मिळाले आणि खाणीचे ज्ञान त्यांच्या तोंडून पुढे गेले. खाली उतरण्याआधी प्रवाशाकडून काडेपेटी, मोबाइल, सेलवर चालणारे घड्याळ अशा ठिणगी पाडू शकणाऱ्या वस्तू काढून घेतल्या जातात, शिरस्त्राण व दिवा दिला जातो, आणि पूर्वी कामगार ज्या पिंजऱ्यातून उतरत, त्यातूनच त्यालाही नेले जाते. 2000 साली युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो केवळ खाणीला किंवा भट्ट्यांना नव्हे. डोंगर, ट्राममार्ग, कालवा आणि वस्ती मिळून झालेल्या संपूर्ण औद्योगिक भूप्रदेशाला.