ट्रॅक्टर विक्रेत्यांकडील सेवेची घसरण : पार्श्वभूमी

ऐन पेरणीत ट्रॅक्टर बंद पडावा आणि शोरूमचा मेकॅनिक येईपर्यंत वाफसा निघून जावा, ही तक्रार आज राज्याच्या अनेक तालुक्यांत ऐकू येते. तिचे खापर बहुधा मेकॅनिकवर फुटते, पण तिची मुळे विक्री, अनुदान आणि वॉरंटी यांच्या बदललेल्या रचनेत आहेत.

१९६५ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र कृषी उद्योग विकास महामंडळाच्या काळात ट्रॅक्टर मोजके होते आणि खरेदीदाराला नंबर लावून थांबावे लागे. १९९१ नंतर परवाना पद्धत उठली, खासगी विक्रेते तालुक्यापर्यंत पोहोचले. २००० च्या सुमारास देशात वर्षाला अडीच लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जात. २०२०-२१ ते २०२४-२५ या वर्षांत हा आकडा आठ ते साडेनऊ लाखांच्या दरम्यान राहिला. विक्रीच्या या वेगाने वर्कशॉप आणि प्रशिक्षित मनुष्यबळ मात्र वाढले नाही.

सर्वाधिक वादाचा ठरलेला निर्णय ५ डिसेंबर २०१६ चा आहे. वस्तू वाटण्याऐवजी अनुदान थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात जमा करण्याचे धोरण राज्याने त्या दिवशी स्वीकारले. त्यामागचे कारण रास्त होते, कारण वाटपातल्या अवजारांचा दर्जा आणि किंमत यांबद्दल तक्रारी होत्या आणि शेतकऱ्याला निवडीला वाव नव्हता. नव्या पद्धतीत अर्ज, निवड, पूर्वसंमती, स्वतःच्या किंवा कर्जाच्या पैशातून खरेदी, देयक अपलोड करणे, मोका तपासणी आणि शेवटी अनुदान, असा क्रम ठरला. ट्रॅक्टरसाठी ही रक्कम प्रवर्गानुसार १ लाख किंवा १.२५ लाख रुपये असते. ही साखळी यंत्र शेतकऱ्याकडे पोहोचल्याची खात्री करून संपते. पहिल्या ५० तासांची सर्व्हिसिंग वेळेवर झाली का, सुटे भाग मिळाले का, याची नोंद अनुदानाशी जोडलेली नाही. परिणामी दरपत्रक, चाचणी अहवाल आणि कर्जाची कागदपत्रे जुळवून देणारा विक्रेता पुढे गेला, तर गॅरेज सांभाळणाऱ्याला त्याचे वेगळे फळ मिळाले नाही. निवड शेतकऱ्याच्या हाती देताना सेवेची अट विक्रेत्यावर घालणे सहज शक्य होते आणि ते राहून गेले, ही या निर्णयातली खरी उणीव आहे. २०२५ मध्ये सोडतीऐवजी अर्जाच्या क्रमाने निवड सुरू झाली, तरी ही उणीव तशीच आहे.

दरम्यान स्पर्धेपोटी वॉरंटीची मुदत वाढत गेली. काही कंपन्या ती सहा वर्षांपर्यंत देतात. ही वॉरंटी टिकवायची तर सर्व्हिसिंग अधिकृत ठिकाणीच करावे लागते, त्यामुळे पूर्वी गावातला मिस्त्री जे काम त्याच दिवशी उरकत असे, तेही शोरूमच्या रांगेत जाऊन बसले. वॉरंटीतल्या दुरुस्तीचा खर्च विक्रेत्याला कंपनीकडून दावा मंजूर झाल्यावर मिळतो, म्हणून रोखीच्या कामाला पुढचा नंबर देण्याचा मोह त्याला होतो.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील ट्रॅक्टरांना उत्सर्जनाचे कडक निकष लागू झाले आणि या इंजिनांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रण आले. त्यांतला दोष शोधण्यासाठी कंपनीचे सॉफ्टवेअर लागते. ते गावच्या मिस्त्रीकडे नसते आणि शोरूममध्ये ते वापरणारा माणूस अनेकदा एकच असतो. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये नेमलेल्या समितीच्या कक्षेत शेती अवजारे होती आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठीचे संकेतस्थळही सुरू झाले. मात्र माहितीपुस्तिका, सॉफ्टवेअर आणि सुटे भाग बाहेरच्या कारागिरालाही उपलब्ध करून देण्याचे बंधन त्यातून निर्माण झाले नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरील जीएसटी १२ टक्क्यांवरून, तर ट्रॅक्टरचे टायर आणि अनेक सुट्या भागांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. यामुळे खरेदी आणि दुरुस्तीचा खर्च हलका झाला असला, तरी नव्या ट्रॅक्टरांच्या सर्व्हिसिंगचा भार अपुऱ्या मनुष्यबळाच्या त्याच वर्कशॉपवर पडणार आहे.