लॅपटॉपमधील अपग्रेडनंतरचे ग्राफिक्स बिघाड

लॅपटॉपवर ऑपरेटिंग सिस्टिमची नवी आवृत्ती टाकल्यावर किंवा तिचे मोठे अपडेट बसल्यावर पडद्यावरच्या चित्रात जे दोष उद्‌भवतात, त्यांचा हा गट. पडदा काळा राहणे, चित्र ताणलेले किंवा धूसर दिसणे, ब्राइटनेस कमी-जास्त न होणे, बाहेरचा मॉनिटर किंवा प्रोजेक्टर ओळखला न जाणे, व्हिडिओ अडखळणे, रंगीत रेघा आणि चौकटी उमटणे ही त्याची नेहमीची रूपे. मुंबईत गिऱ्हाईक यातल्या कशालाही ‘डिस्प्ले गेला’ एवढेच म्हणते आणि दुरुस्तीचा पहिला घोळ तिथेच होतो. पॅनेल (म्हणजे खुद्द पडदा), पॅनेलची केबल, चित्र तयार करणारी ग्राफिक्स चिप आणि ती चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर या चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. अपग्रेडमुळे बहुतेक वेळा यातली फक्त शेवटची बिघडते.

ऑपरेटिंग सिस्टिमला ग्राफिक्स चिपशी थेट बोलता येत नाही, मधे ड्रायव्हर लागतो. तो चिप बनवणारी कंपनी लिहिते, पण ऑपरेटिंग सिस्टिमने आखून दिलेल्या चौकटीत. चौकट बदलली की जुना ड्रायव्हर कुचकामी ठरतो. चिप जुनी झाली म्हणून कंपनीने नवा लिहिलाच नाही, तर चिप ठणठणीत असूनही लॅपटॉप अडकतो. लॅपटॉपला हा त्रास डेस्कटॉपपेक्षा जास्त होतो. डेस्कटॉपचे कार्ड काढून दुसरे बसवता येते, लॅपटॉपची चिप मदरबोर्डवर झाळलेली किंवा प्रोसेसरच्या आतच असते. शिवाय लॅपटॉप बनवणारी कंपनी चिपवाल्याचा ड्रायव्हर आपल्या पॅनेलनुसार बदलून देते. इंटेलचा मूळ ड्रायव्हर अशा लॅपटॉपवर टाकायला गेले की ‘या संगणकासाठी हा तपासलेला नाही’ असे सांगून तो नाकारला जाई. इंटेलने हा अडसर २०२० मध्ये काढला.

विंडोज

हा प्रकार मोठ्या प्रमाणावर जाणवला तो विंडोज व्हिस्टाच्या वेळी. जानेवारी २००७ मध्ये बाजारात आलेल्या व्हिस्टाने आधीच्या विंडोज एक्सपीची ग्राफिक्स चौकट बाजूला सारून डब्ल्यूडीडीएम नावाची नवी चौकट आणली. इंटेलच्या ९१५ चिपसेटसाठी या चौकटीतला ड्रायव्हर कधी निघालाच नाही. तरीही त्या चिपसेटचे लॅपटॉप ‘व्हिस्टा कॅपेबल’ असे स्टिकर लावून विकले गेले. त्यांवर व्हिस्टा चाले, पण तिचा पारदर्शक खिडक्यांचा ‘एरो’ देखावा दिसत नसे. यावरून अमेरिकेत २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टवर खटला भरला गेला. २०१२ मधल्या विंडोज ८ ने जुन्या चौकटीतले ड्रायव्हर घेणे पूर्ण बंद केले.

विंडोज १० (२९ जुलै २०१५) पहिले वर्षभर फुकट अपग्रेड म्हणून मिळत होती. त्यामुळे एरवी कोणी हात लावला नसता अशा जुन्या लॅपटॉपवरही ती चढली. इंटेलने दुसऱ्या पिढीच्या कोअर प्रोसेसरमधील एचडी ३००० ग्राफिक्ससाठी विंडोज १० चा ड्रायव्हर काढला नाही, आधीच्या विंडोजसाठी लिहिलेलाच त्यावर चालवून घ्यावा लागतो. सर्वांत बोलके उदाहरण मात्र क्लोव्हर ट्रेल या ॲटम प्रोसेसरांचे. त्यांतील ग्राफिक्स इंटेलचे स्वतःचे नव्हते, पॉवरव्हीआर घराण्यातले होते. विंडोज १० च्या २०१७ मधील क्रिएटर्स अपडेटसाठी त्यांचा ड्रायव्हर मिळेना आणि आयकॉन व अक्षरांच्या जागी नुसते रंगीत ठोकळे दिसण्याची शक्यता निर्माण झाली. शेवटी मायक्रोसॉफ्टने या यंत्रांना पुढची अपडेट देणे थांबवून आधीच्याच आवृत्तीवर जानेवारी २०२३ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या द्यायचे ठरवले. विकत घेऊन चार-पाच वर्षेच झालेली ही यंत्रे होती. दोष ना ग्राहकाचा, ना चिपचा.

योग्य ड्रायव्हर नसला की विंडोज ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ या कामचलाऊ ड्रायव्हरवर उतरते. तो चित्र दाखवतो, बाकी जवळजवळ काहीच करत नाही. १३६६ × ७६८ च्या पॅनेलवर १०२४ × ७६८ चे चित्र ताणून बसते आणि माणसांचे चेहरे रुंद दिसू लागतात. ब्राइटनेसची बटणे दाबली तरी उजेड हलत नाही, शटडाउनच्या यादीतून स्लीप गायब होते, व्हिडिओचे सगळे ओझे प्रोसेसरवर पडून पंखा घरघरू लागतो. ही लक्षणे एकत्र दिसली तर चिपवर शंका घ्यायचे सहसा कारण नसते.

ड्रायव्हर आहे पण नव्या आवृत्तीशी जुळत नाही, अशा वेळी दुसरा प्रकार घडतो. चिपने दोन सेकंदांत प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ड्रायव्हर पाडून पुन्हा उभा करते. पडदा क्षणभर काळा होऊन परत येतो. हे वारंवार झाले की यंत्र निळ्या पडद्यावर जाऊन थांबते किंवा डिव्हाइस मॅनेजर या उपकरणांच्या यादीत पिवळ्या त्रिकोणासह ‘कोड ४३’, म्हणजे बिघाडामुळे उपकरण थांबवल्याची सूचना, येतो.

मॅक आणि लिनक्स

ॲपलचा खाक्या वेगळा. चिपला नव्या आवृत्तीत जागा नसेल तर अपग्रेडच बसू दिले जात नाही. २०१२ च्या माउंटन लायनने इंटेल जीएमए ९५० आणि एक्स ३१०० ग्राफिक्सची मॅकबुक वगळली, कारण त्यांचे ६४ बिटांचे ड्रायव्हर नव्हते. २०१८ च्या मोहावीला ‘मेटल’ ही ॲपलची ग्राफिक्स प्रणाली चालवणारी चिप लागते, त्यामुळे २०१२ च्या आधीची मॅकबुक बाहेर राहिली. जुगाड करून या आवृत्त्या नको तिथे बसवणारे मुंबईतही पुष्कळ आहेत आणि काळ्या पडद्याच्या तक्रारी मुख्यतः त्यांच्याच.

लिनक्समध्ये इंटेल आणि एएमडीचे खुले ड्रायव्हर कर्नेलबरोबरच, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबरोबरच, येतात, म्हणून जुन्या लॅपटॉपवर ते बरेचदा विंडोजपेक्षा जास्त काळ साथ देतात. त्रास एनव्हिडियाच्या बंद, म्हणजे कोड जाहीर नसलेल्या, ड्रायव्हरचा. कर्नेल बदलला की त्याचे मॉड्यूल, म्हणजे कर्नेलला जोडला जाणारा भाग, नव्याने बांधावे लागते. ते बांधले गेले नाही तर लॉगिनच्या जागी काळा पडदा येतो. सिक्युअर बूट (सुरू होताना सही नसलेला कोड अडवणारी सोय) चालू असेल तर त्या मॉड्यूलवर डिजिटल सही लागते. रीस्टार्टच्या वेळी निळ्या पडद्यावर चावी नोंदवण्याची विचारणा होते, पण ती काही सेकंदच टिकते. तेवढ्यात कळ दाबली नाही तर यंत्र पुढे जाते, ड्रायव्हर चढत नाही, आणि आपण काही चुकवले हे वापरणाऱ्याच्या गावीही नसते. एएमडीचा जुना बंद ड्रायव्हर एफजीएलआरएक्स लिनक्सच्या उबुंटू १६.०४ या आवृत्तीपासून बाद झाला. १४.०४ वरून अपग्रेड करताना ज्यांनी तो आधी काढला नाही, त्यांचा डेस्कटॉप उघडेनासा झाला. अशा वेळी यंत्र सुरू होताना दिसणाऱ्या ग्रबच्या यादीतून जुना कर्नेल निवडणे किंवा बूटच्या ओळीत कर्नेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला थांबवणारा ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडणे हा पहिला उपाय.

काउंटरवरची तपासणी

मुंबईत या दुरुस्तीचे मुख्य ठिकाण लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेला असलेल्या या रस्त्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण १९०३ ते १९०७ या काळातल्या मुंबईच्या गव्हर्नराचे नाव लोकांच्या तोंडून काही गेलेले नाही. ‘चिप लेव्हल रिपेअरिंग’ अशा पाट्या इथे जागोजाग दिसतात. कंपन्यांनी निकालात काढलेले बिझनेस लॅपटॉप पुसूनपासून, नवी विंडोज टाकून विकण्याचा धंदाही जोरात चालतो. एचडी ३००० च्या पिढीतली यंत्रे कॉलेजच्या पोरांपर्यंत आणि लहान ऑफिसांपर्यंत पोचली ती बरीचशी याच वाटेने, म्हणून हा बिघाड इथल्या काउंटरला चांगलाच ओळखीचा आहे.

जाणता कारागीर लॅपटॉप उघडायच्या आधी चालू करून बघतो. चालू होताच कंपनीचा लोगो येतो, आणि एफ २ किंवा डिलीट दाबले तर बायोस (यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) उघडते. तिथवर विंडोज आलेलीच नसते. रेघा किंवा ठिपके तिथेही दिसत असतील तर दोष हार्डवेअरचा, अपग्रेडचा नव्हे. बायोस स्वच्छ दिसली म्हणून चिप निर्दोष ठरतेच असेही नाही. दोन ग्राफिक्स असलेल्या लॅपटॉपवर बायोसचे चित्र बहुधा प्रोसेसरमधल्या चिपवरून येते, वेगळी चिप त्या वेळी झोपलेली असते.

पडदा पूर्ण काळा असेल तर कॅप्स लॉक दाबून दिवा लागतो का बघायचे. लागला तर यंत्र जिवंत आहे. मग मोबाइलचा टॉर्च पॅनेलवर तिरका धरायचा. आत अंधुक डेस्कटॉप दिसला तर चित्र येते आहे, मागचा उजेड तेवढा बंद आहे. ब्राइटनेसचा ताबा नव्या ड्रायव्हरकडे नीट न गेल्यानेही असे होते, बॅकलाइट जळल्यानेही होते. त्यानंतर एचडीएमआयने बाहेरचा मॉनिटर. त्यावर चित्र आले तर विंडोज आणि पी ही बटणे एकत्र दाबून ‘फक्त दुसरा पडदा’ असे काही निवडले गेले नाही ना, ते आधी पाहावे. इतक्या किरकोळ कारणासाठी नवे पॅनेल बसवून घेतलेले गिऱ्हाईकही सापडेल.

विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकदम दाबले की ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो, कधी कधी तेवढ्याने भागते. निर्णायक कसोटी सेफ मोडची. विंडोजच्या या मर्यादित सुरुवातीत कंपनीचा ड्रायव्हर चढत नाही. तिथे चित्र व्यवस्थित आले आणि नेहमीच्या सुरुवातीत गेले, तर ड्रायव्हर दोषी मानून पुढे जावे. काळ्या पडद्यातून तिथे पोचायला सुरू होत असलेले यंत्र तीन वेळा मधेच बंद करून दुरुस्तीचा पडदा आणावा लागतो. डिस्क कुलूपबंद ठेवणारा बिटलॉकर चालू असेल तर तो इथे ४८ अंकी चावी मागू शकतो. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि ते खाते ऑफिसच्या किंवा मुलाच्या नावाचे निघाले की खोळंबा होतो.

उपाय

सर्वांत सोपा उपाय मागे फिरण्याचा. विंडोज १० मध्ये सुरुवातीला जुन्या आवृत्तीवर परतायला ३० दिवस मिळत, २०१६ च्या अॅनिव्हर्सरी अपडेटपासून ते १० झाले आणि विंडोज ११ मध्येही तेवढेच आहेत. त्यासाठी सी ड्राइव्हवरचे ‘विंडोज.ओल्ड’ फोल्डर शाबूत लागते. अपग्रेड झाल्या झाल्या जागा मोकळी करायला डिस्क क्लीनअप मारला की परतीची वाट बंद.

मागे फिरायचे नसेल तर लॅपटॉपचा नेमका मॉडेल क्रमांक बघून बनवणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर घ्यावा. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे प्रोग्रॅम टाळावेत. जुन्या ड्रायव्हरचे अवशेष राहिले असतील तर ते सेफ मोडमध्ये, डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर या साधनाने काढतात. या वेळी वायफाय बंद ठेवणे महत्त्वाचे; नाहीतर विंडोज अपडेट मधेच आपल्या पसंतीचा ड्रायव्हर आणून बसवते आणि केलेले काम पाण्यात जाते.

‘फॉरमॅट मारून देतो’ हा स्टेशनबाहेरच्या गाळ्यांतला सरसकट तोडगा मात्र इथे फारसा उपयोगी नाही. त्या आवृत्तीसाठी ड्रायव्हरच नसेल तर कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी तोच कामचलाऊ ड्रायव्हर येणार, आणि डेटा जाईल तो वेगळाच. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपल्यावर विंडोज ११ ची हार्डवेअरची अट चुकवून ती जुन्या लॅपटॉपवर बसवण्याचे काम वाढले. विंडोज ११ ला डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्स प्रणाली) आणि डब्ल्यूडीडीएम २.० चा ड्रायव्हर लागतो, आणि ही अट चुकवता आली तरी नसलेला ड्रायव्हर त्यामुळे तयार होत नाही.

योगायोग आणि खरा हार्डवेअर दोष

अपग्रेडच्या काळात लॅपटॉप बराच वेळ ताणाखाली असतो, पुन्हा पुन्हा सुरू होतो, तापतो. मुंबईच्या दमट हवेत पंख्यात धूळ साचलेले, कधी साफ न केलेले यंत्र आधीच कडेवर उभे असेल तर ते नेमके तेव्हाच मान टाकते आणि दोष अपडेटच्या माथी येतो. एनव्हिडियाच्या काही लॅपटॉप चिपांचे आवरण सदोष होते. कंपनीने जुलै २००८ मध्ये त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. एएमडी ग्राफिक्स असलेल्या २०११ च्या मॅकबुक प्रोमध्येही रेघा आणि काळे पडदे येऊ लागले, तेव्हा ॲपलने फेब्रुवारी २०१५ मध्ये मोफत दुरुस्तीची योजना काढली.

अशा चिपला हॉट एअरने ‘हीट मारणे’ किंवा तिच्याखालचे झाळणीचे मणी बदलून रिबॉल करणे हे काम लॅमिंग्टन रोडवर होते. शिसेविरहित झाळणी साधारण २१७ अंश सेल्सिअसला वितळते, तेवढ्या उष्णतेने चिप काही दिवस चालूही लागते. पण एनव्हिडियाच्या त्या चिपांमध्ये तडा गेला होता तो आवरणाच्या आतल्या सूक्ष्म जोडांना, बोर्डावरच्या मण्यांना नव्हे. म्हणून बाहेरून रिबॉल केलेला लॅपटॉप पुन्हा काउंटरवर येतो. दोन ग्राफिक्स असतील तर सदोष चिप कायमची बंद करून प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सवर काम चालवणे त्यापेक्षा टिकाऊ ठरते. २०११ च्या मॅकबुक प्रोवर त्यासाठी एएमडीच्या ड्रायव्हरची फाइल तिच्या जागेवरून हलवतात. सिस्टिमचे पुढचे अपडेट ती फाइल परत जागेवर आणून ठेवते, आणि मग ती पुन्हा हलवावी लागते.